चूलबंद आवतनाची गाडी

मी एक जुनं डिझेल इंजिन आहे, मित्रांनो. जुनं म्हणा, म्हातारं म्हणा, पण भंगार म्हणू नका. तो शब्द ऐकला की पोटात थेंबभर डिझेल नसतानाही माझा भडका उडतो. यवतमाळ जिल्ह्यात बोरखडी नावाचं गाव आहे. तिथे आमची छोटी लाईन संपते आणि तिथेच मी उभं आहे. चाकांतून बाभळी वर आल्या आहेत. तुम्ही सुट्टीत इथे खेळायला येता, माझ्यावर चढता, मला दगड मारता. मारा, पण त्याआधी माझी गोष्ट ऐका. दगडांशी माझी जुनी ओळख आहे.

माझा जन्म घणाखाली झाला. तापवायचं, ठोकायचं, पुन्हा तापवायचं, असं माझं बाळपण गेलं. म्हणूनच असेल, मी पहिल्यापासून तापट. मला समोरचं तेवढं दिसतं, कारण डोळा म्हणजे दिवा एकच आणि तोही पुढे. मागचं मला ऐकू येतं आणि डबे जोडणाऱ्या आकड्यांतून अंगाला कळतं. मागे एखाद्या लेकरानं बाकावर उडी मारली तरी मला समजायचं.

आमची लाईन कापसासाठी टाकलेली होती. शेतांतून, नाल्यांवरून, माणसांच्या अंगणाला घासून जाणारी. माझ्या चालीची लोक थट्टा करत. म्हणत, 'गाडी चुकली तर पायी जा, पुढच्या टेशनावर सापडते.' माझा ड्रायव्हर होता बाबाराव, महागावकडचा बौद्ध माणूस, अंगानं आडवा आणि जिभेनं तिखट. शेवटच्या डब्यात गार्ड होता उत्तमसिंग, तांड्यावरचा बंजारा, उंच आणि अबोल. वाटेतली फाटकं बंद करायला वेगळा माणूस नव्हता. उत्तमसिंग खाली उतरायचा, फाटक लावायचा, मी पुढे सरकलं की उघडायचा, धावत येऊन डब्यात चढायचा आणि शिट्टी वाजवायचा. ती शिट्टी ऐकल्याशिवाय बाबारावनं मला कधी हलवलं नाही. रेल्वेचा नियमच तसा आहे, पण आमच्यासाठी तो नियमापेक्षा अधिक होता.

आमचं आयुष्य काही गोडगोड नव्हतं, मित्रांनो. माझ्या पुढच्या जाळीवर रोही, म्हणजे नीलगायी, मेल्या, रानडुकरं मेली. एका पोळ्याला शिंगं रंगवलेला, झूल घातलेला बैल उधळला आणि थेट माझ्यासमोर आला. बाबारावनं ब्रेक लावला; पण मी लोखंड, एकदम थांबणार कसं? बैलाच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज अजून माझ्या कानात आहे. गाववाल्यांनी बाबारावला खाली ओढलं आणि वखराच्या रुमण्यांनी, त्या लाकडी दांड्यांनी, मारायला सुरुवात केली. तेव्हा उत्तमसिंग धावत आला आणि त्याच्या अंगावर पालथा पडला. निम्मा मार त्यानं खाल्ला. त्याच्या डाव्या हाताची बोटं नंतर कधी नीट वळली नाहीत. दुसऱ्या दिवशी दोघं एका डब्यातली भाकर खात होते, तेव्हा बाबाराव म्हणाला, "तू काहून आला बे मधात?" उत्तमसिंग म्हणाला, "तू मेला असता त मंग शिट्टी कोनाले देऊ?" एवढंच बोलणं झालं.

मग कापसाची वाईट वर्षं आली. भाव पडले, जिनिंगची धुराडी थंड झाली. एका संतप्त दुपारी लोकांनी माझ्यासमोर रुळांवर कापूस ओतला आणि पेटवून दिला. ज्या कापसासाठी मला आणलं, तोच माझ्यासमोर जळत होता. पांढऱ्याचा काळा होताना मी पाहिला. त्या दिवशी माझी पहिली काच फुटली. राग कुणावर काढायचा ते लोकांना समजत नव्हतं आणि मी समोर होतं. पुढे मालगाड्या बंद झाल्या, मग प्रवासी कमी झाले. माझ्या पाठीवर गंज चढू लागला. कुणी विचारत नसलं की लोखंडालाही वाईट वाटतं, हे मला तेव्हा कळलं.

अशात नागपूरकडून घनश्यामशेठ नावाचा ठेकेदार आला. त्यानं मला, तीन डब्यांना आणि आम्हा सगळ्यांच्या नशिबाला भाड्यानं घेतलं. त्याला जेवणाची गाडी चालवायची होती. यवतमाळहून संध्याकाळी निघायचं, शेतांतून हळूहळू बोरखडीला यायचं, लोकांनी जेवायचं आणि परत फिरायचं. मला हिरवा-पिवळा रंग लागला. खोटं कशाला बोलू, मी हरखून गेलं! दोन डब्यांत टेबलं आली, पांढरी कापडं आली, छतापासून कंदील लोंबू लागले. गाडीचं नाव ठेवलं 'कापूसगाडी'. शोभेसाठी शेठनं खिडक्यांखाली खऱ्या कापसाचे ढीग रचले आणि गाठींवर गाद्या टाकून बसायला जागा केली. बाजारात ज्याला कुणी हात लावत नव्हतं, त्या कापसावर बसून शहरातली माणसं वांग्याच्या भाजीचं कौतुक करू लागली. तिसरा डबा रसोईचा. त्यात गॅसच्या टाक्या, मोठी पातेली आणि मोनाली.

मोनाली बोरखडीचीच. तुळसाबाई नावाच्या बौद्ध बाईची एकुलती एक लेक. बाप नव्हता. तुळसाबाईनं दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचून तिला वाढवलं होतं. मोनालीच्या हातच्या कढी-गोळ्यांचा वास माझ्या धुराला मागे टाकायचा. बोरखडीला गाडी लागली की ती खिडकीच्या गजांतून हाक मारायची, "माय, आली मी!" आणि तुळसाबाई बाभळीखाली उभी राहून नुसता हात हलवायची. डब्याजवळ मात्र कधी येत नसे. "बोलावल्याबिगर कोनाच्या जेवनापाशी जाऊ नाई," ती म्हणायची. तिच्या लहानपणी गावच्या पंगतीत तिच्या घरच्यांना गोठ्यापलीकडे बसवत आणि वरून वाढत. धम्म घेतल्यावर तिच्या बापानं शपथ घातली होती की सगळ्यांच्या ओळीत बसवतील तरच जेवायला जायचं. तसं कुणी बसवलं नव्हतं आणि ती गेली नव्हती.

आता एक शब्द सांगतं, कारण पुढचं सगळं त्या शब्दामुळे घडलं. आमच्या भागात जेवणाच्या आमंत्रणाला आवतन म्हणतात. घरटी एकाला बोलावलं तर साधं आवतन. पण 'चूलबंद' म्हटलं की घरातल्या सगळ्यांनी यायचं, त्या दिवशी घरात चूल पेटवायचीच नाही. चूलबंद आवतन नाकारत नाहीत आणि देणारा ते मोडत नाही.

घनश्यामशेठनं हा शब्द कुठेतरी ऐकला आणि त्याला तो फार आवडला. धंदा वाढवायला त्यानं जीपवर भोंगा लावून गावोगाव पाठवला. भोंगा ओरडला, "येत्या शनिवारी चूलबंद! घरी कोणीही चूल पेटवायची नाही! लेकराबाळांसकट बोरखडी स्टेशनावर कापूसगाडीत जेवायला यायचं!" तिकिटाचं वाक्य अगदी शेवटी होतं आणि तोवर जीप धूळ उडवत पुढे निघून गेलेली असे.

शनिवारी दिवस कलता कलता मी बोरखडीत पोचलं आणि पाहिलं तर अख्खं गाव स्टेशनावर! न्हालेली, डोक्याला तेल लावलेली माणसं, धुतलेली लुगडी, लेकरांच्या डोळ्यांत काजळ. आमच्याकडच्या रीतीनं प्रत्येकानं आपलं ताट आणि लोटा घरून आणला होता. कोणत्याही घरावर धूर नव्हता. आणि मित्रांनो, त्या दिवशी बाभळीखाली तुळसाबाई नव्हती. ती पहिल्यांदाच सगळ्यांमध्ये उभी होती. भोंग्यानं कुणाला वगळलं नव्हतं ना!

मला फिरत्या चक्रावर उलटं वळवून डब्यांच्या दुसऱ्या टोकाला लावायचं होतं, म्हणजे परत जाताना मी पुढे. शंटिंग झालं. माझ्यामागे रसोईचा डबा आला, त्यामागे जेवणाचे दोन. तोवर तुळसाबाई जेवणाच्या डब्यात चढून टेबलाशी बसली होती, सगळ्यांच्या ओळीत. शेठचा माणूस आला. त्यानं तिकीट मागितलं. ती म्हणाली, "आवतनाले कायचं तिकीट, भाऊ?" त्यानं तिचा दंड धरला आणि ओढत, फरपटत प्लॅटफॉर्मवर आणून सोडलं. तिचं ताट खणखणत माझ्या चाकापर्यंत आलं.

जेवायला बसलेल्याला हात धरून उठवणं! गाव उसळलं. पहिला ठोसा कुणी मारला ते मला ठाऊक नाही. शेठच्या माणसांनी काठ्या काढल्या. एकाचं डोकं फुटलं, एकाचे दात पडले. माझ्या नव्या पिवळ्या रंगावर रक्ताचे शिंतोडे उडाले. गाडीत बसलेली शहरातली माणसं किंचाळू लागली.

तेव्हा भागीरथाबाई पुढे आली. गावातली सगळ्यात म्हातारी, मोठ्या शेतीची मालकीण. तिच्याच गोठ्यापलीकडे एके काळी तुळसाबाईचे घरचे जेवले होते. ती म्हणाली, "मारामारी कायले करता? आवतन देलं ना त्यायनं? मंग वाढू द्या. आपुन बसून राहू." असं म्हणून ती माझ्यासमोर रुळांजवळ बसली आणि ताट पुढ्यात ठेवलं. तिच्यामागे बाया बसल्या, म्हातारे बसले, लेकरं बसली. रुळांच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर दोन ओळी झाल्या, ताटं मधल्या स्लीपरांवर. गाडी अडवायची अशी रीत मी जन्मात पाहिली नव्हती. तुळसाबाईनं आपलं ताट उचललं आणि जागा शोधू लागली. जागा नेमकी भागीरथाबाईच्या शेजारी होती. ती तिथे बसली. कुणी सरकलं नाही.

शेठ घाबरला. "एक दाणा देऊ नका! आज दिला तर रोज येतील," तो ओरडला आणि त्यानं रसोईच्या डब्याला बाहेरून कुलूप ठोकलं. दुसऱ्या बाजूचं दार गॅसच्या टाक्यांमागे कायमचं बंदच होतं. मोनाली आत राहिली. किल्ली खिशात टाकून शेठ स्टेशनच्या खोलीत शिरला आणि त्यानं आतून कडी लावली. पंगत उठवण्यासाठी त्याचा एक माणूस "साप! साप!" म्हणून ओरडत रुळांवर धावला. दोनचार जण दचकले, साप दिसला नाही, सगळे हसले आणि आणखी पक्के बसले. त्या हसण्याची किंमत पुढे मोजावी लागली.

इकडे प्लॅटफॉर्मवर तरुण पोरांनी रुळांतली गिट्टी उचलली. दगड माझ्या अंगावर, डब्यांवर, खिडक्यांवर पडू लागले. एक दगड जेवणाच्या डब्यातल्या कंदिलावर बसला. कंदील खाली पडला तो थेट कापसाच्या ढिगावर. कापूस पेटला तर तो विचार करत नाही, मित्रांनो. बघता बघता पांढरी कापडं, गाद्या, छत, सगळं धडधडू लागलं. आतली माणसं दारं-खिडक्यांतून उड्या मारून पळाली. कुणाचे केस जळाले, कुणाचा पाय मोडला, पण सगळी बाहेर आली. राहिली ती शेजारच्या डब्यात कुलूपबंद मोनाली, गॅसच्या टाक्यांसोबत. ती दारावर धक्के मारत होती. ते धक्के आकड्यातून माझ्या अंगाला लागत होते.

उत्तमसिंग कुलपाकडे धावला तर त्याच्यावर दगडांचा पाऊस पडला. तो वळून बाबारावकडे आला. "कुलूप तोडाले वेळ लागते. डबा तोडू. मी मागचा आकडा काढतो, तू समोरचे लोकं उठव," तो म्हणाला आणि दोन डब्यांच्या मधल्या सांदीत, आगीच्या तोंडाशी शिरला.

बाबारावनं माझा भोंगा वाजवला. कुणी हललं नाही. तो खाली उतरून ओरडला, "आग लागली! उठा बावा, हात जोडतो! आतमंदी टाक्या हायेत!" बसलेले हसले. "आधी साप होता, आता आग हाय," एक म्हातारा म्हणाला. माझं धूड मध्ये होतं. त्यांना मागचं दिसतच नव्हतं. धूर दिसला तो त्यांना माझाच वाटला.

बाबाराव तुळसाबाईपुढे गुडघ्यांवर बसला. त्याच्या कपाळातून रक्त वाहत होतं. "बाई, मोनाली आत हाय. शेठनं कुलूप लावलं. डबा पेटून राह्यला."

तुळसाबाईनं त्याच्याकडे पाहिलं. अख्ख्या जन्मात पहिल्यांदा ती गावाच्या ओळीत बसली होती आणि थोड्याच वेळापूर्वी तिला दंड धरून उठवलं होतं. आता आपणहून उठायचं. ती उठली. ताट तिथेच राहिलं.

"काहून उठतं वं?" भागीरथाबाईनं विचारलं.

"माही लेक जळून राह्यली, बाई. माही पंगत झाली."

ओळीतून कुणीतरी म्हणालं, "तिची पोरगी शेठची नोकर, ते उठनच." तुळसाबाई ऐकायला थांबली नाही. ती माझ्या बाजूनं मागे धावत सुटली.

भागीरथाबाई तिच्या पाठमोऱ्या अंगाकडे बघत राहिली. पंगतीत सगळ्यात मोठं माणूस उठल्याशिवाय बाकीचे उठत नाहीत आणि मध्येच उठणं म्हणजे पंगतीचा अपमान. म्हातारीनं जमिनीला हात टेकला आणि उभी राहिली. मग वाकून तिनं आधी तुळसाबाईचं ताट उचललं. त्या घरच्या ताटाला तिच्या घरच्या कुणी कधी हात लावला नव्हता. नंतर आपलं ताट त्याच्यावर ठेवलं आणि ओरडली, "पंगत उठली गा! उठा समदे!"

सगळी पंगत एका दमात उठली. रूळ मोकळे झाले.

बाबाराव माझ्यात चढला. मागे आकडा सुटल्याचा खणका मला लागला. पण डबे तोडले की हवेचा पाईप उघडा पडतो आणि ब्रेक चाकांना चावून बसतात. ते उघडं तोंड तिथल्या बुचावर घट्ट बसवलं की मगच गाडी हलते. उत्तमसिंगला ते करायचं होतं, त्या न वळणाऱ्या बोटांनी. तेवढ्यात प्लॅटफॉर्मवरून आरडाओरडा झाला, "ते पाहा! जेवन पळवून राह्यले! डबा सोडवते तो!" आणि पुन्हा दगड सुरू झाले. समोर पंगत उठली होती, ते पोरांना माहीत नव्हतं. मागे टाक्या होत्या, तेही माहीत नव्हतं. मागून एक आवाज आला. लोखंडावर दगड बसल्याचा आवाज मी ओळखतं. तो तसा नव्हता.

बाबारावचे डोळे ब्रेकच्या दाबाच्या काट्यावर होते. काटा शून्यावर. मग काटा थरथरला आणि वर चढू लागला. पाईप बसला होता. ब्रेकचे जबडे सुटले.

शिट्टी मात्र आली नाही.

"उत्तम, शिट्टी दे ना बावा," बाबाराव पुटपुटला. त्यानं मागे वळून पाहिलं. धुराशिवाय काही दिसेना. आणि मग आयुष्यात पहिल्यांदा त्यानं मला शिट्टीशिवाय हलवलं. मी जेवढा जोर लावू शकतं तेवढा लावला. रसोईचा डबा आगीपासून सुटला. सिग्नलच्या पुढे, शेतात नेऊन त्यानं मला थांबवलं आणि पहारीनं कुलूप तोडलं. मोनाली बाहेर पडली ती खोकत, दोन्ही हात पोळलेले. आगीकडच्या भिंतीवर तिनं सगळी कढी ओतली होती, सगळं पाणी ओतलं होतं. पहिला शब्द तिनं काढला, "माय कुठी हाय?" माय रुळांतून धावत येतच होती. तिला पाहून मलाही रडू आलं असतं, पण इंजिनाच्या डोळ्यातून नुसता उजेड पडतो.

उत्तमसिंग सापडला तो दोन डब्यांमधल्या सांदीच्या जागी, रुळाच्या कडेला. दगड कानशिलावर बसला होता. पाईप लावून झाल्यावर त्यानं शिट्टी ओठांत धरली होती. फुंकायला श्वास उरला नव्हता. मागे परतलेल्या तुळसाबाईनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं, तेव्हा तो "याडी" एवढंच म्हणाला. त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. तो दगड कुणी मारला ते आजवर कुणाला कळलं नाही. मारणाऱ्यालाही खात्री नसेल.

दोन्ही डबे सांगाड्यापर्यंत जळाले. शेठ गाव सोडून गेला, खटले चालले, लाईन बंद झाली. बाबारावनं मला पुन्हा बोरखडीला आणून उभं केलं आणि चावी जमा केली. परत त्यानं कुठलंच इंजिन चालवलं नाही.

उत्तमसिंगच्या तेरवीआधी बोरखडीचे लोक तांड्याच्या नायकाकडे गेले. सगळ्यांच्या माना खाली होत्या. भागीरथाबाई म्हणाली, "सैपाक आमाले करू द्या. आमच्या गावावर त्याचं जेवन हाय." नायकानं होकाराची मान हलवली. तांड्याला आणि गावाला चूलबंद आवतन गेलं. भोंग्यावरून नाही; माणसं घरोघर पायी फिरली. तुळसाबाई म्हणाली, "तेरवी-फेरवी आमी नाई मानत. पन त्याच्यासाठी येतो." स्वयंपाक मोनालीनं सांगितला, कारण हातांना पट्ट्या होत्या. पंगत माझ्या चाकांपाशी बसली, एकच लांब ओळ, आणि पहिलं पान माझ्या पायरीवर ठेवलं, जिथे उभा राहून तो भाकर खायचा. भागीरथाबाईनं तुळसाबाईचा हात धरला. या वेळी बसवायला.

मित्रांनो, मला नवा रंग नको. माझ्या बाभळी तोडल्या नाहीत तरी चालेल. एवढंच मागतं, की कुणाला जेवायला बोलवाल तर शब्द तोलून बोलवा आणि बसलेल्याला उठवू नका. आणि माझ्या काचा केव्हाच फुटल्या आहेत, तेव्हा दगड मारायचाच असला तर आधी माझ्या मागे जाऊन बघून या, तिथे कुणी वाकून काम करत नाही ना. मला मागचं दिसत नाही.

कुणी नसलं तर लांबून एक शिट्टी वाजवा. मी निघणार नाही, मला ठाऊक आहे. तरी वाजवा.